अदलाबदलीचं घर

क्रोएशियाच्या स्लाव्होनिया भागात स्लातिना नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या जवळच्या एका गावात माझे सासू-सासरे 1992 पासून राहत होते. पुढे अंगण, मागे परसात डुकरं-कोंबड्या, दारावर द्राक्षाचा मांडव. 2019 मध्ये सासरे गेले. वारसनोंदीसाठी आम्ही नोटरीकडे गेलो, तेव्हा कळलं की घर कागदोपत्री त्यांचं नव्हतंच. म्हणजे सासूबाईंना हे ठाऊक होतं, नवऱ्याला अंधुक कल्पना होती. कळायचं राहिलं होतं ते फक्त मला.

तिकडचा नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. वारसाचं काम न्यायालय त्याच्याकडे सोपवतं, आणि त्याचं ऑफिस दवाखान्यासारखं चकचकीत असतं. आमच्या नोटरीबाईंनी जमीनवहीचा उतारा काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मालकाच्या रकान्यात एका सर्ब माणसाचं नाव होतं. तो माणूस 2006 मध्येच सर्बियात वारला होता.

क्रोएशियात जमिनीच्या दोन वह्या असतात, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळापासूनच्या. एक मोजणी खात्याची, जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते सांगणारी. दुसरी न्यायालयाची, मालक कोण ते सांगणारी. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि खरेदीखत दुसऱ्याच्या नावावर, असा घोळ मिरजेत माझ्या माहेरी मी लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे मला काही धक्का बसला नाही. पहिल्या वहीत सासऱ्यांचं नाव होतं. पट्टी तेच भरत, विजेचं बिल त्यांच्याच नावानं येई. दुसऱ्या वहीपर्यंत मात्र कुणी पोचलंच नव्हतं. नवरा कागद म्हटलं की लाकडं फोडायला परसात जातो. आम्ही राहतो म्युनिकमध्ये. सुट्ट्या काढून हे काम मीच करायचं ठरलं.

आता हे घर आमच्याकडे आलं कसं ते सांगायला हवं.

सासरचे लोक मूळचे हर्तकोव्त्सीचे. हे गाव सर्बियात, व्होयव्होदिनातल्या स्रेम भागात, रूमा तालुक्यात आहे. युद्धाआधी तिथे 40 टक्क्यांच्या आसपास क्रोएट होते. बाकी सर्ब, हंगेरियन, आणि जनगणनेत स्वतःला नुसतंच 'युगोस्लाव्ह' लिहवणारे. सासऱ्यांच्या पिढीत कोण कॅथलिक म्हणजे क्रोएट आणि कोण ऑर्थोडॉक्स म्हणजे सर्ब हे लग्नाला आणि मर्तिकालाच कळायचं, असं सासूबाई म्हणतात. मला हे जरा गोड करून सांगितलेलं वाटतं. ज्या गावात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, तिथे हे तेवढं माहीत नसेल कसं? माहीत असूनही त्यावाचून काही अडत नव्हतं, एवढं मी मान्य करते.

अडायला लागलं 1991 मध्ये. क्रोएशियानं 25 जूनला युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याआधीच क्रोएशियातल्या क्निनच्या बाजूला सर्बांनी रस्ते अडवले होते आणि बोरोवो सेलो इथे 2 मे रोजी 12 क्रोएट पोलीस मारले गेले होते. ऑगस्टच्या अखेरीस क्रोएशियाच्या पूर्व टोकाच्या वुकोवार शहराला वेढा पडला, तो 87 दिवस चालला. हर्तकोव्त्सी तिथून काही फार लांब नाही. क्रोएशियातून पळून आलेली सर्ब कुटुंबं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून स्रेममध्ये येऊ लागली. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. 6 मे 1992 रोजी वोयिस्लाव शेशेल या सर्ब अतिराष्ट्रवादी नेत्याची गावात सभा झाली. क्रोएटांना इथे जागा नाही असं तो उघड बोलला, आणि कुणी जायचं त्यांच्या नावांची यादी सभेत वाचून दाखवली गेली. सासरे सभेला गेले नव्हते. यादीत आपलं नाव आहे की नाही, हे दुसऱ्या दिवशी बेकरीत कळलं. सांगणारा त्यांचा सर्ब मित्र होता. तो म्हणाला, ''तुझं नाही, तुझ्या भावाचं आहे. पण मी तुझ्या जागी असतो तर थांबलो नसतो.''

त्यानंतर दारावर माणसं यायला लागली. हातात आपल्या घराचा फोटो. ''आमचं स्लाव्होनियात असं असं घर आहे, बदली करता का?'' काही अदबीनं विचारत, काही कमरेला हातबॉम्ब लावून. फाटकात उभं राहून ते घराच्या खोल्या मोजत, ते सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. जूनमध्ये गावातल्या एका क्रोएटाचा खून झाला. मग सासऱ्यांनी फोटो नीट पाहायला सुरुवात केली.

त्याच वर्षी गावाचं नाव बदलून 'सर्बिस्लाव्त्सी' केलं गेलं. ते टिकलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, एप्रिल 2018 मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयाच्या न्यायाधीशांनी शेशेलला याच भाषणाबद्दल दोषी ठरवलं. आधी तो सुटला होता, अपिलात निकाल फिरला. शिक्षा 10 वर्षांची, पण तो त्याहून जास्त काळ कोठडीत काढून आलेला असल्यामुळे पुन्हा आत जायचा प्रश्न नव्हता. सासऱ्यांनी बातमी पाहिली आणि चॅनल बदललं. आम्ही तेव्हा तिथेच होतो.

आमच्याशी अदलाबदल करणारं कुटुंब स्लातिनाच्या बाजूचं. तिथे चित्र उलटं होतं. 1991 च्या उन्हाळ्यापासून पापुक डोंगरातली गावं बंडखोर सर्बांच्या ताब्यात होती आणि तिथून स्लातिनावर तोफगोळे येत. डिसेंबरमध्ये क्रोएशियन फौजा पुढे सरकल्या. माघार घेणाऱ्या सर्ब टोळ्यांनी 13 डिसेंबरला व्होचिन गावात 40 हून अधिक नागरिक मारले, बहुतेक सगळे क्रोएट. अशा वेळी शहरात आणि आसपास जी सर्ब कुटुंबं आपापल्या घरी राहिली होती, ज्यांनी बंदूक उचलली नव्हती, त्यांच्याकडे शेजारी कोणत्या नजरेनं पाहत असतील? रात्री फोन येत, कुणी बोलत नसे. रिकाम्या सर्ब घरांत स्फोट होत. क्रोएशियात हे पुष्कळ ठिकाणी झालं, आणि गोस्पिचसारख्या गावात तर ऑक्टोबर 1991 मध्ये सर्ब नागरिकांना घरांतून नेऊन मारलं गेलं.

दोन्हीकडची माणसं आपापल्या घरात 'चुकीची' ठरली होती. म्हणून अदलाबदल.

ती करायची कशी हाही प्रश्नच होता. झाग्रेब-बेलग्रेड महामार्ग बंद, दोन देशांमधले फोन तोडलेले. चार तासांच्या रस्त्याऐवजी लोक हंगेरीला वळसा घालून जात. सौदे हंगेरीतल्या पेच, मोहाच अशा गावांत, कॉफीच्या टेबलावर ठरत. आमचा करार जुलै 1992 मध्ये पेचमध्ये एका वकिलाच्या खोलीत झाला. घर बघायला कुणी गेलं नाही, जाताच येत नव्हतं. सासऱ्यांनी त्यांच्या घराचे चार फोटो पाहिले, त्यांनी सासऱ्यांच्या घराचे चार.

तो करार मी खूप वेळा वाचला आहे. टाइप केलेली दोन पानं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की दोन्ही पक्ष राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता ही अदलाबदल करीत आहेत. आपल्याकडच्या दस्तांमध्येही हे वाक्य असतंच आणि कुणी ते वाचत नाही. मी ते प्रत्येक वेळी वाचते.

दुसऱ्या पानावर सामानाची यादी, हातानं लिहिलेली. चूल दोन्हीकडची जागेवर. कपाटं दोन. वाइनची पिंपं, त्यातलं एक गळकं, तसं लिहिलेलं. प्लमची दारू काढायचं तांब्याचं भांडं त्यांचं ते घेऊन जाणार होते, पण सीमेवरून नेता येईना म्हणून खोडून 'राहील' असं लिहिलंय. ट्रॅक्टर. सासऱ्यांचं घर मोठं, म्हणून फरकाचे 5,000 जर्मन मार्क समोरच्यांनी द्यायचे, अर्धे लगेच, अर्धे वर्षभरात. आणि सगळ्यात खाली, वकिलाच्या नव्हे तर दोघांपैकी कुणाच्या तरी अक्षरात: थडग्यांवरचं गवत दोन्हीकडच्यांनी काढावं. सासूबाईंनी सर्बांच्या त्या दोन थडग्यांवरचं गवत खरंच इतकी वर्षं काढलं. अलीकडे गुडघे दुखतात म्हणून त्या तणनाशक मारतात.

करार झाला, माणसं हलली, पण न्यायालयातल्या वहीत नोंद कोण करणार? देशांत युद्ध चालू होतं. एका बाजूचा शिक्का दुसऱ्या बाजूला चालत नव्हता. संबंध सुरळीत करायचा करार दोन देशांनी केला तो ऑगस्ट 1996 मध्ये. तोवर दोन्ही कुटुंबं स्थिरावली होती आणि 'बघू पुढे' म्हणून सोडून दिलं होतं. मूळ मालक वारले, मग सासरेही.

वकिलानं सोपा रस्ता सांगितला. इतक्या वर्षांचा शांततापूर्ण ताबा आहे, लेखी करार आहे. मृताच्या वारसांवर दावा लावा, ते आले नाहीत तर एकतर्फी निकाल मिळेल. मला ते पटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ''त्यांच्यावर केस करायची नाही.'' का, ते सांगितलं नाही. नवरा लाकडं फोडायला गेला.

दुसरा रस्ता असा होता. मयत सर्ब मालकाची वारसनोंद क्रोएशियात कधी झालीच नव्हती. सर्बियात झाली होती, पण क्रोएशियातल्या घराचा वारसा क्रोएशियातच ठरावा लागतो. तेव्हा आधी त्याच्या वारसांची नावं लावून घ्यायची आणि मग त्यांनी 1992 चा करार मान्य करून आमच्या नावे नोंद करायला संमती द्यायची. म्हणजे ज्यांनी जीव मुठीत धरून ते घर सोडलं, ते काही आठवडे पुन्हा त्याचे मालक होणार होते. मधल्या काळात त्यांनी 'नाही देत जा' म्हटलं असतं तर आमच्याकडे एक जुना कागद आणि लांबलचक खटला उरला असता.

तशीच गरज त्यांनाही होती. हर्तकोव्त्सीचं घर अजून सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर होतं.

फोन मी केला. मयत मालकाच्या पत्नींनी, त्यांना मी आजीच म्हणते, माझं बोलणं ऐकून विचारलं, ''तू त्यांची कोण? बोलतेस तर आमच्या इथल्यासारखी.'' याचं कारण सासूबाई. मी भाषा शिकले ती त्यांच्याकडून, आणि स्रेमच्या क्रोएटांची बोली तिथल्या सर्बांसारखीच आहे. स्लातिनात या बोलीनं सासूबाईंचे फार हाल केले. आपल्या देशात, आपल्या लोकांत म्हणून आल्या आणि दुकानात तोंड उघडलं की मागे वळून पाहिलं जायचं. 1992 साली ते पाहणं साधं नसायचं. आणि आजी? त्या स्लाव्होनियातल्या, म्हणजे बोली अगदी तिथल्या क्रोएटांसारखी. हर्तकोव्त्सीत त्यांना पहिली पाच-सहा वर्षं लोक पाठीमागे 'ती क्रोएट' म्हणायचे. मलाही स्लातिनात एका खिडकीवर कारकून बाईंनी, माझा रंग आणि नाव दोन्ही समोर असताना, ''तुम्ही सर्बियाच्या का?'' असं विचारलं होतं.

आम्ही हर्तकोव्त्सीला गेलो ते मोटारीनं, बायाकोवोच्या नाक्यावरून. क्रोएशिया 2013 पासून युरोपीय संघात, सर्बिया बाहेर, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागते. सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर केकचा डबा. त्या घरातून निघाल्यापासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

आजींनी रिवाजाप्रमाणे चमचाभर गोड मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढे केला, मग कॉफी. सासूबाईंनी स्वयंपाकघर पाहायचं का विचारलं, पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ''खिडकी मोठी केलीत.'' आजी म्हणाल्या, ''अंधार होता.'' यावर दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही. मी मात्र तेवढ्यात दोनदा कॉफी ढवळली, साखर घातलेली नसताना.

मग आजींनी 1991 चं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये एका रात्री शेजारचा क्रोएट मागच्या दारानं आला. दिवा लावू दिला नाही. म्हणाला, ''जा. माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही.'' सकाळी त्यांनी गाय तशीच गोठ्यात सोडली, मुलीला घेतलं आणि बसनं सीमेवर गेले. तेरेझिनो पोल्येवरून बार्च, तिथून हंगेरीतून फिरून सेगेडमार्गे सुबोतित्सा. मुलगा तेव्हा युगोस्लाव्ह सैन्याच्या वाराज्दिन इथल्या तळावर होता, सक्तीच्या सैनिकी सेवेत, वय 19. तो तळ सप्टेंबरमध्ये क्रोएटांना शरण गेला होता आणि मुलगा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तो शेजारी अजून आहे. आमच्या घराला लागूनच राहतो. नंतर तो स्लातिनाच्या ब्रिगेडमध्ये लढला, त्याला माजी सैनिकाचं पेन्शन आहे. मी भारतीय म्हटल्यावर तो लगेच जनरल नंबियारांचं नाव काढतो. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना 1992 मध्ये क्रोएशियात आली तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आणि त्या सेनेबद्दल या गृहस्थाचं मत चांगलं नाही. ''निळ्या टोप्या घालून सीमा राखली, पण कुणाची?'' वगैरे. मी ऐकून घेते.

त्याला मी त्या रात्रीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ''मी त्यांना राहा म्हणून सांगितलं होतं. माझ्या घरी या, असं म्हटलं होतं. ते न सांगता गेले. सकाळी गाय हंबरत होती म्हणून मला कळलं. मी दूध काढलं. तीन आठवडे काढत होतो, मग सैनिकांनी गाय नेली.''

दोघांचंही खरं असेल, असं म्हणून मोकळं होता येतं. मला आजींचं खरं वाटतं. गायीची गोष्ट मात्र त्याची खरी असणार, कारण तीन आठवडे हे त्यानं न अडखळता सांगितलं. हे मी आजींना पुढच्या वेळी सांगितलं. त्या म्हणाल्या, ''म्हणजे दूध त्यानं प्यायलं.'' आणि हसल्या. पण त्याला फोन लावून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या.

सासरे तिथे राहायला आले तेव्हा हाच शेजारी त्यांच्याशी वर्षभर शब्द बोलला नाही. नवा माणूस आपल्याच धर्माचा, आपल्याच देशाचा, तरी परका. गेलेला सर्ब, ज्याच्याशी भांडण होतं, तोच ओळखीचा.

आजींना एक गोष्ट लागून राहिली आहे, आणि मला ती रास्त वाटते. क्रोएशियातून सर्वात जास्त सर्ब गेले ते ऑगस्ट 1995 मध्ये, क्रोएशियन फौजांच्या 'वादळ' मोहिमेत बंडखोर सर्बांच्या ताब्यातलं क्राइना पडलं तेव्हा. दीड ते दोन लाख माणसं काही दिवसांत रस्त्यावर आली. त्यांची घरं सरकारनं कायदा करून तात्पुरती ताब्यात घेतली आणि बोस्नियातून आलेल्या क्रोएट निर्वासितांना राहायला दिली. परत मिळायला काहींना दहा वर्षं लागली. शहरात सरकारी किंवा कंपनीच्या फ्लॅटमध्ये भोगवट्यानं राहणाऱ्यांचे हक्क न्यायालयांनी 'गैरहजर' म्हणून रद्द केले, ते तर गेलेच. 1991 मध्ये क्रोएशियात 5,81,663 सर्ब होते, म्हणजे 12.2 टक्के. 2001 मध्ये 2,01,631 उरले आणि 2021 मध्ये 3.2 टक्के. या सगळ्यांच्या तुलनेत अदलाबदल करणारे नशीबवान, असं लोक आजींना ऐकवतात. घराला घर मिळालं ना? त्या म्हणतात, ''हो, आणि म्हणून आमचं गेलं असं कुणी म्हणतच नाही.'' सासूबाईंचंही नेमकं हेच. व्होयव्होदिनातले क्रोएट 1991 मधल्या 74,808 वरून 2002 पर्यंत 56,546 वर आले. तिथे मोठी लढाई झालीच नाही, म्हणून ते कुणाच्या युद्धाच्या हिशेबात येत नाहीत.

कागदांचं काम थोडक्यात सांगते. वारस तीन: आजी, मुलगी, मुलगा. तिघांनाही क्रोएशियाचा वैयक्तिक ओळख क्रमांक लागतो, 2009 पासून त्याशिवाय तिथे पान हलत नाही. मुखत्यारपत्र घेऊन तो मी कर कार्यालयातून काढला. मयताचा जन्मदाखला स्लातिनात मिळाला, मृत्यूचा रूमाहून आणला. एका दाखल्यात आजींच्या माहेरच्या नावात एक अक्षर जास्त होतं, सिरिलिकमधून लॅटिन लिपीत उतरवताना कुणीतरी घातलेलं. त्या अक्षरासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. मग कोविड. सीमा बंद, खिडक्या बंद.

खरी अडचण मुलाची. तो कॅनडात असतो. कॅनडा तेव्हा अपोस्टिलच्या, म्हणजे एका शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या, करारात नव्हता. म्हणजे तिथल्या नोटरीपुढे केलेली सही चालायला शेवटी क्रोएशियाच्या वाणिज्य वकिलातीचा शिक्का हवा, आणि ती मिसिसागाला. तो म्हणाला, ''त्या झेंड्याखाली मी पाऊल ठेवणार नाही.'' वाराज्दिनच्या तळावर वीज-पाणी तोडलेल्या अवस्थेत त्यानं जे दिवस काढले ते मी त्याच्याकडून ऐकले नाहीत, त्याच्या बहिणीकडून ऐकले. मी त्याची समजूत घालायच्या भानगडीत पडले नाही. सासूबाईंनीही नाही. आजींनी त्याला काय सांगितलं माहीत नाही. काही महिन्यांनी कुरिअरनं पाकीट आलं. सही, नोटरी, सरकारी साक्षांकन, वकिलातीचा शिक्का, सगळं एका वकिलामार्फत, त्यानं स्वतः न जाता. सोबत वकिलाचं बिल, आमच्या नावे. चिठ्ठी वगैरे काही नाही. बिल भरलं.

आजी आणि मुलीची सही रूमाला नोटरीपुढे झाली. त्या दिवशी पैशांवरून वाजलं. फरकाचे उरलेले 2,500 मार्क मिळालेच नाहीत असं सासूबाईंचं म्हणणं. आजींनी पिशवीतून वही काढली. त्यात लिहिलेलं की ट्रॅक्टर चालू स्थितीत सोडायचा ठरला होता, तो बॅटरीशिवाय मिळाला, शिवाय मागचं एक चाक भलत्याच मापाचं, म्हणून रक्कम वळती केली. सासूबाई म्हणाल्या, बॅटरी सैनिकांनी काढली. आजी म्हणाल्या, तुमच्या दिरानं काढली. दोघी ऐंशीच्या घरात, नोटरीच्या बाकावर शेजारी शेजारी, आणि ती बिचारी नोटरी शिक्का हातात धरून उभी. मार्क जाऊन युरो आला त्यालाही वीस वर्षं झाली होती. अखेर आजींच्या मुलीनं बाहेरून चार सँडविच आणून विषय संपवला. संपवला म्हणजे त्या दिवसापुरता. सासूबाई अजून बॅटरीचं नाव काढतात.

क्रोएशियातला नोंदीचा आदेश आला तेव्हा कुना जाऊन युरो लागू झाला होता, त्यामुळे शेवटची फी पुन्हा वेगळ्या आकड्यात भरावी लागली. उताऱ्यावर आधी तिन्ही वारसांची नावं चढली, एकेक तृतीयांश. तो उतारा मी आजींना टपालानं पाठवला, त्यांनी मागितला होता म्हणून. मग ती नावं खोडली जाऊन सासूबाई आणि नवरा यांची लागली.

सर्बियाच्या बाजूचं काम अजून अडकलं आहे. घर आजींच्या कुटुंबाच्या नावे व्हायला हरकत नाही, पण त्याच खात्यावर जंगलाचा एक तुकडा आहे, तो नवऱ्याच्या पणजोबांच्या नावावर, आणि पणजोबांना सात मुलं होती. त्यांतल्या तिघांचे वंशज अर्जेंटिनात आहेत. रूमाच्या वकिलानं सांगितलंय, तुकडा वेगळा काढू, मोजणीची तारीख मागा. ती मागितली आहे.

आणि स्लातिनाचं घर आम्ही विकायला काढलं आहे, सासूबाई आता आमच्याकडे म्युनिकला असतात. गिऱ्हाईक नाही. गावातली तरुण मुलं युरोपीय संघाचं दार उघडल्यावर आयर्लंड-जर्मनीला गेली, प्रत्येक तिसऱ्या फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी आहे. एकच विचारणा झाली, शेजाऱ्याची. त्याला फक्त परसाची पट्टी हवी आहे, आणि भाव तो फार पाडून मागतो.